आकाशातील पंक्तिप्रपंच

एकाच पंक्तीत एकाच्या पानावर तुपाची धार धरावी आणि शेजारच्याच्या पानावर नुसते वरण वाढावे, यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. आणि यजमान कितीही थोर असला तरी हा दोष त्यास माफ होत नाही. हल्ली हा पंक्तिप्रपंच आकाशमार्गे चालू आहे, आणि त्यासच प्रगती म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्या प्रघाताविरुद्ध चार शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

विमानप्रवासाचे आकडे डोळे दिपविणारे आहेत, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. १९७० साली साऱ्या जगात मिळून सुमारे ३१ कोटी विमानप्रवासी मोजले गेले; २०१९ साली ती संख्या ४५० कोटींच्या घरात गेली. २०२० च्या महामारीत ती निम्म्याहूनही खाली आली, परंतु २०२४ पर्यंत ही सारी खोट भरून निघून पूर्वीचा उच्चांकही मागे पडला. मात्र या गणतीत माणसे मोजलेली नसून फेऱ्या मोजलेल्या आहेत. एकच गृहस्थ वर्षात वीस वेळा उडाला तर तो वीस प्रवासी ठरतो, आणि जन्मात एकदाही न उडालेला मनुष्य या हिशेबात कोठेच नसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २०१८ साली जगातील सुमारे ११ टक्केच लोकांनी विमानप्रवास केला. आणि प्रवासी विमानांच्या एकंदर धुरापैकी निम्मा धूर तर अवघ्या एक टक्का लोकांच्या वाट्याचा होता. म्हणजे जयघोष साऱ्या जगाचा आणि उड्डाण मूठभरांचे!

आता दूरचे जग सोडून आमच्या मोहोळाकडे येऊ. येथून सोलापूर जवळ. तेथील होटगी रस्त्यावरील विमानतळासाठी १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी, सभासद शेतकऱ्यांचा विरोध असताना, जमीनदोस्त करण्यात आली. ती अधिकृत होती की अनधिकृत, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. पुढे जून २०२५ मध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरात मुंबईचे विमान सुरू झाले. सोलापूर-पुणे-मुंबई या हवाई मार्गावर येणारी तूट भरून काढण्यासाठी राज्य सरकारने त्याच वर्षी दर आसनामागे ३,२४० रुपये मंजूर केले. एका वर्षाची एकूण रक्कम १७ कोटी ९७ लाखांवर. भागाकार केला तर ही तरतूद सुमारे ५५ हजार आसनांची होते. एका आसनामागचे हे ३,२४० रुपये आमच्याकडील शेतमजुराच्या किती दिवसांच्या रोजाएवढे होतात, हे वाचकांनीच मनाशी ताडून पाहावे.

याच सप्टेंबरात सीनेच्या महापुराने मोहोळ तालुक्यातील शेते खरवडून नेली होती. तो पूर विमानांनी आणला असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. जगातील एकूण कर्बवायूत विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्क्यांचाच आहे. पण हवामान बिघडविण्यात ज्याचा काडीचाही हात नाही, त्याने बिघाडाचे फळ भोगावे, आणि ज्याचा हात आहे त्याच्या तिकिटास खजिन्यातून टेकू मिळावा, हा कोणत्या शास्त्राचा न्याय?

यावर कोणी म्हणेल की, एसटीच्या प्रवासातही सरकार स्त्रियांस अर्धी आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांस पूर्ण सवलत देते. मग विमानावरच रोष का? त्यास आमचे उत्तर असे की, ती सवलत गरजेकडे पाहून दिलेली आहे, ही मिजाशीकडे पाहून. शिवाय सवलतीचा उपयोग होण्यास आधी गाडी यावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत कुर्डुवाडीस थांबते आणि मोहोळावरून धडधडत निघून जाते. रेल्वे केंद्राची, हे आम्ही जाणतो. पण कॉलेजात जाणारी मुलगी, इस्पितळात जाणारा म्हातारा आणि बाजारास निघालेला शेतकरी यांची भिस्त ज्या एसटीवर, ती तर राज्याचीच आहे ना?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमान नाही म्हणून उद्योग येत नाहीत, आणि उद्योग नाहीत म्हणून सोलापुरातील शिकलेली मुले पुण्यास जातात, असे सांगतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु उद्योगास विमानाची खरी निकड असेल तर तो त्याचे मोल देईल. न दिल्यास निकडच खोटी. ‘उडान’ योजनेचा अनुभव काय सांगतो? २०२३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाप्रमाणे मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांच्या सवलतीनंतर टिकून राहिले ते अवघे ५४. टेकू काढताच जो मांडव कोसळतो, त्यास वास्तू म्हणणे ही शब्दांची विटंबना होय.

विमानांनी उडू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यास वेळेचे मोल आहे त्याने खुशाल उडावे. मात्र स्वतःच्या पैशाने, आणि स्वतःच्या धुराचे मोल देऊन. सरकारने असे अनुदान पुढे चालविण्यापूर्वी किती आसने रिकामी गेली, आणि तेवढ्याच पैशांत तालुक्यातालुक्यांतून एसटीच्या किती फेऱ्या वाढल्या असत्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापून लोकांपुढे ठेवावेत. तूप लोकांचे आहे. वाढप्याने ते वाढताना पंक्तीच्या शेवटच्या पानाकडेही पाहिले पाहिजे.