गिऱ्हाईक राजा आणि गुमास्ता

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव आणि आसपासची खेडी यांचे वर्ष कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर उभे असते. अशा गावात मृगाचा पाऊस पडला की सर्वांत मोठी भांडणे बांधावर होत नाहीत; ती कृषी केंद्राच्या गल्ल्यावर होतात. शेतकऱ्याला डीएपी हवे असते. गल्ल्यामागचा मुलगा सांगतो की डीएपी मिळेल, पण सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी किंवा नॅनो युरियाची बाटली घ्यावी लागेल. शेतकऱ्याने ती मागितलेली नसते, आणि उसनवारीच्या पैशांतून तिची किंमत मोजण्याची त्याची इच्छाही नसते. आवाज चढतो, आईबहिणींचा उद्धार होतो, रांगेतील माणसे शेतकऱ्याची बाजू घेतात. मुलगा खाली मान घालून बिल फाडतो. क्वचित तोही उलट बोलतो, आणि मग दुकानदाराच्या मुजोरीची बातमी तालुक्याच्या वार्ताहराला मिळते.

या भांडणातला खरा प्रतिवादी तेथे हजर नसतो. न खपणारा माल खपणाऱ्या खताच्या गळ्यात बांधण्याच्या या प्रकाराला व्यापारात लिंकिंग म्हणतात. कंपनी तो वितरकावर लादते, वितरक किरकोळ विक्रेत्यावर, आणि विक्रेता शेतकऱ्यावर. लिंकिंग बेकायदा असल्याचे सरकार दर खरिपाला जाहीर करते. कंपन्या आपल्यावर सक्ती करतात अशी तक्रार विक्रेत्यांच्या संघटनाही दर खरिपाला करतात. आणि दर खरिपाला धाड पडते ती गावच्या दुकानावर. २०२५ च्या हंगामात चीनने खतांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि भारतात डीएपीची टंचाई झाली. पन्नास किलोच्या बॅगेची किंमत १,३५० रुपये ठरलेली, पण बॅगच नाही. बीजिंगमध्ये झालेल्या निर्णयाचा जाब वऱ्हाडातल्या खेड्यात महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या पोराला द्यावा लागला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत दिल्लीने २६६ रुपये ५० पैसे ठेवली आहे. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने आजही चलनात आहे, गल्ल्यात मात्र ते दिसत नाही. त्या अर्ध्या रुपयावरूनही ज्याला चोर म्हटले जाते तो ही किंमत ठरविणारा नव्हे.

आणि हा मुलगा तरी कोण असतो? गल्ल्यापुढे उभा असलेला दोन-तीन एकरांचा शेतकरी आणि गल्ल्यामागे उभा असलेला त्याच पंचक्रोशीतल्या दुसऱ्या दोन-तीन एकरवाल्याचा मुलगा, असा हा सामना आहे. वर्गीय दृष्टीने पाहू जाता येथे दोन पक्षच नाहीत. एकाच घराची दोन माणसे मधल्या फळीच्या दोन बाजूंना उभी केली आहेत, इतकेच.

गिऱ्हाईक हा राजा आहे, हे वाक्य व्यापारी जगाने अशा वेळी पुढे करायचे असते. बँका, टपाल कार्यालये, विजेची कार्यालये यांच्या भिंतींवर ग्राहकाचा महिमा सांगणारा एक फलक अनेक वर्षे टांगलेला आहे आणि त्याखाली महात्मा गांधींचे नाव आहे. हे वचन गांधीजींनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भाषणात उच्चारले, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले १८९३ साली. १८९० मध्ये ते लंडनला कायद्याचे विद्यार्थी होते. अहमदाबादच्या गिरणी कामगारांसाठी १९१८ साली उपोषण करणाऱ्या माणसाच्या तोंडी मालकांच्या सोयीचे वाक्य घालावे आणि ते नोकरांच्या डोक्यावर टांगावे, यातली चतुराई मात्र मानली पाहिजे. कारण हा फलक गिऱ्हाइकासाठी लावलेला नसतो. राजा म्हणविल्या गेलेल्या गिऱ्हाइकाला भाव ठरविता येत नाही, मालाची प्रत ठरविता येत नाही, वीज का गेली हे विचारता येत नाही. त्याला एकच राजेपण दिलेले असते, ते म्हणजे समोरच्या नोकरावर डाफरण्याचे. मालकाला याचा खर्च येत नाही.

गिऱ्हाइकाचे हक्क खोटे आहेत, असा याचा अर्थ कोणी करू नये. १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. भेसळीच्या बियाण्याने ज्याचे शेत उगवलेच नाही त्याला दाद मागण्यास जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गल्ल्याच्या एका बाजूला कायदा सरसावत असताना दुसऱ्या बाजूला तो मागे हटत गेला, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा, ज्याला लोक गुमास्ता कायदा म्हणत, तो जेथे लागू होता तेथे एकच नोकर असलेले दुकानही त्याच्या कक्षेत येत असे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा यांच्या तरतुदींतून बाहेर काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. व्यवसाय सुलभ व्हावा, हे कारण. वीस नोकर असलेले दुकान कामरगावसारख्या गावात कोठून असणार? तालुक्याच्या पेठेतही ते शोधावे लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये एका बलाढ्य बांधकाम कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास काम करण्याचा उपदेश केला, आणि घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहत राहणार, असे विचारले. देशभर हशा पिकला. सकाळी आठला उघडून रात्री नऊला मिटणाऱ्या दुकानात पेरणीच्या दिवसांत सातही वार उभा राहणारा मुलगा आठवड्याला ९१ तास भरतो. त्याच्यावर कोणी विनोद केला नाही, कारण त्याचे तास कोणी मोजलेच नाहीत. किमान वेतनाची तरतूद छोट्या दुकानालाही लागू आहे खरी. पण तिची अंमलबजावणी करणारा निरीक्षक खेड्यात दिसणे हीच विक्षिप्त वार्ता ठरेल.

रास्त भाव दुकानातले दृश्य याहून निराळे नाही. कापूस वेचून आणि निंदण करून ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा ई-पॉस यंत्र ओळखत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तर सर्व्हरच वारंवार बंद पडत होता आणि राज्यभर लोक पिशव्या घेऊन ताटकळत होते. बाई दुकानदाराला शिव्या देते. दुकानदार माप मारणारा असेल तर त्या त्याला पचतही असतील. काही दुकानदारांनी वर्षानुवर्षे गरिबांचे धान्य काळ्या बाजारात नेले, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु यंत्र त्याने घेतलेले नाही, सर्व्हर त्याचा नाही, आणि क्विंटलमागे त्याला मिळणारे कमिशन ऑगस्ट २०२५ मध्ये १५० वरून १७० रुपये झाले. धान्य अडविणारा हात आणि शिव्या खाणारे तोंड एकाच माणसाचे असते तर गोष्ट सोपी होती.

एसटीच्या वाहकाची कथा सर्वांत करुण आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. त्यांची अंमलबजावणी मात्र भरलेल्या गाडीच्या मधल्या वाटेत एका माणसाने करायची. म्हाताऱ्याचे आधार कार्ड तपासून तो चौऱ्याहत्तरीचा की पंचाहत्तरीचा हे ठरवायचे, आणि सहप्रवाशांच्या नजरा झेलायच्या. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि रुपया-दोन रुपयांच्या सुट्यांवरून गाडोगाडी तंटे सुरू झाले. विनातिकीट प्रवासी सापडला तर ठपका वाहकावर, गाडी नादुरुस्त निघाली तर शिव्या वाहकाला. याच वाहकांनी आणि चालकांनी ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत, साडेपाच महिन्यांच्या वर, संप केला. विलीनीकरण मिळाले नाही. खेड्यातला प्रवासी त्या काळात काळीपिवळीच्या टपावर बसून जात होता आणि संपकऱ्यांवर चिडत होता. त्या दोघांना एका मागणीखाली आणण्याचे काम कोणत्याही पक्षाला जमले नाही. समाजवाद्यांनाही नाही.

ते न जमल्यास पोकळी कोण भरतो, याचे उत्तर २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगावजवळ मिळाले. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना बसप्रवास मोफत आहे. वाहकाच्या सांगण्याप्रमाणे वाद निघाला तो तिकिटावरून: मुलीबरोबरच्या पुरुष प्रवाशासाठीही मोफत तिकीट मागितले गेले. हा सुट्या पैशांच्या तंट्याच्या जातीचा, रोज शेकडो गाड्यांत होणारा आणि पुढच्या थांब्यावर विसरला जाणारा वाद. पण तो मराठी की कन्नड यावर गेला, आणि वाहकाला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला गाठून त्याच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दोन राज्यांमधली बससेवा थांबली, आणि २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. बेळगावच्या मराठी माणसाचा सीमाप्रश्न १९५६ पासून न्याय मागतो आहे; महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला आहे. परंतु एका वाहकाला मारून तो प्रश्न तसूभर पुढे सरकला नाही. दोन्ही बाजूंना मार खाल्ला तो खाकी कपड्यातल्या पगारदाराने. जूनच्या अखेरीस मीरा रोडला पाण्याची बाटली घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी मराठीवरून मिठाईच्या दुकानदाराच्या थोबाडीत मारली, तेव्हाही हाच मार्ग अनुसरला गेला. मराठीचा आग्रह धरण्यात काही गैर नाही. तो दुकानाच्या फळीवरून हात उगारून धरायचा, की भाषेचा कायदा करणाऱ्या आणि मोडणाऱ्या सत्तेपुढे, एवढाच प्रश्न आहे.

या प्रकाराचा सौम्य अवतार पक्षाच्या कार्यकर्त्यांतही आढळतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. पीककर्जासाठी शेतकरी बँकेत जातो. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकी दाखले जमवून नेतो. खिडकीतला अधिकारी सांगतो, सिबिल बसत नाही. पीककर्जाला सिबिलची अट लावू नये असे राज्य सरकार वारंवार सांगते. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशा बँकांवर गुन्हे नोंदविण्याचा इशाराही दिला. तरीही अट हटत नाही, कारण ती शाखेत ठरत नाही. अशा वेळी कार्यकर्ता दहा माणसे घेऊन शाखेत शिरतो, परप्रांतातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला उभे आडवे घेतो, खुर्ची आपटतो, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी ‘अधिकाऱ्याला धारेवर धरले’ असे छापून येते. शेतकऱ्याला कर्ज मिळालेले नसते. अधिकारी उद्धट असतो, शेतकऱ्याला ताटकळत ठेवतो, मराठी शिकण्याचे मनावर घेत नाही, हे सारे खरे. त्याला त्याबद्दल सुनावलेच पाहिजे. पण त्याला सुनावणे म्हणजे बँकेशी लढणे, ही समजूत शेतकऱ्यापेक्षा बँकेलाच अधिक सोयीची आहे. संतापाला शाखेत वाट मिळाली की प्रादेशिक कार्यालयाच्या काचा सुरक्षित राहतात.

१९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा रॉकेल, तेल, साखर यांची टंचाई होती आणि प्रत्येक वाण्याच्या दुकानापुढे भांडण होते. त्या भांडणातच रमणे सोपे होते. लाटणे आणि थाळ्या घेऊन निघालेल्या त्या मोर्चांनी साठेबाजांची कोठारे हुडकली, अधिकाऱ्यांना घेराव घातले आणि मंत्र्यांच्या दारात आवाज केला. दुकानात पुड्या बांधणारा पोरगा त्यांच्या मोर्च्याचा विषय नव्हता. रॉकेलच्या रांगेत त्याची आईही उभी होती.

कारंजा तालुक्यातल्या कार्यकर्त्यांपुढे याहून अवघड काम नाही. डीएपीबरोबर कोणत्या कंपनीने कोणता माल बांधून दिला, याची बिले शेतकऱ्यांपाशीही असतात आणि किरकोळ विक्रेत्यांपाशीही. शेतकऱ्याचे बिल आणि विक्रेत्याला वितरकाने दिलेले बिल एकाच फायलीत लावून जिल्हा कृषी अधीक्षकांपुढे ठेवले, तर लिंकिंगची साखळी कोठून सुरू होते हे कोणी नाकारू शकणार नाही. त्यासाठी विक्रेत्याला चोर म्हणणे काही काळ थांबवावे लागेल आणि त्याच्या नोकराला साक्षीदार म्हणून बोलावावे लागेल. तो नोकर येईल का, हे आठवड्यात त्याला एक तरी वार मोकळा मिळतो की नाही यावर अवलंबून आहे. आणि दहाहून कमी माणसांच्या दुकानात तो वार आज दुकानांच्या कायद्याने त्याला दिलेला नाही.