तू कुठला रे?

हॉस्टेलवर नवीन आलो तेव्हा जो तो एकच प्रश्न विचारायचा, "तू कुठला रे?" मी बिनधास्त सांगायचो, "लातूर." खरं तर मी निलंग्याचा. लातूरपासून पन्नासेक किलोमीटर. पण निलंगा म्हटलं की "हे कुठं आलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणून पत्ताच बदलून टाकला!

तशी पत्ता बदलायची सवय आमच्या तालुक्याला आहेच. १९५६ पर्यंत बीदर जिल्हा, मग उस्मानाबाद आणि १९८२ पासून लातूर. १९८५ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले, तेव्हा गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं. तरी मला ते सांगायला लाज वाटायची.

गेल्या वर्षी एका स्पर्धेसाठी पुण्याला गेलो होतो. रात्री पोटात कावळे ओरडत होते. समोर एक हातगाडी, वर मोठ्या अक्षरांत पाटी: 'निलंगा राईस'. भोवती पोरांची ही गर्दी! तिखट, गरमागरम भाताची प्लेट हातात घेत विचारलं, "निलंग्याचेच का?"

"तालुक्यातलाच की. तुमी?"

"लातूर." सवयीनं निघून गेलं तोंडातून. भात घशाखाली उतरेना. ज्या नावावर तो माणूस पुण्यात पोट भरतोय, ते नाव मी लपवत होतो.

आमच्या अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथंच बसतो. रब्बीला पाणी द्यायचे दिवस, जळालेल्या मोटारींची रांग लागलेली. अण्णांनी एक मोटार उघडली, वाकून बघितलं. "दोन फेजच्या कॉइल काळ्या अन् एकीच्या कोऱ्या. एक फेज गेली हुती, मोटार तशीच चालत ऱ्हायली." मित्रांनो, यालाच आपण सिंगल फेजिंग म्हणतो आणि पाच मार्कांसाठी पाठ करतो!

मी शहाणपणा केला. शेतकऱ्याला म्हटलं, "काका, प्रिव्हेंटर का नाही बसवला?"

"बसवला हुता की. व्होल्टेज कमी झालं की सारखा बंद पाडायचा. रात्री दोनला पुन्ना चालू करायला कोण जाईल शेतात? साप-किरडू हाय, अंधार हाय. काढून टाकला."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग की. तुमच्या पुस्तकात काय हाय ह्याच्यावर?"

मी गप्प. पुस्तकात प्रिव्हेंटरची आकृती आहे, पण रात्री दोन वाजता शेतात जाणारा माणूस त्यात कुठंच नाही. त्यानं तो काढून टाकला ते अडाणीपणानं नव्हे. साप चावण्यापेक्षा मोटार जळालेली परवडली, एवढा साधा हिशोब होता.

आणि आपण काय करतो? फायनल इयरला दुकानातून रेडिमेड प्रोजेक्ट आणतो, सबमिशन झालं की कॉटखाली ढकलतो. वर म्हणतो, "गावाकडं काही स्कोप नाही!" नोकरीचा स्कोप नाही हे मलाही कळतं. मी दुकानात बसावं असं खुद्द अण्णांनाही वाटत नाही. गाव सोडावं लागेल, सोडू. पण कामाचे प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या तालुक्यात पडलेत. उदगीरचा असो, देगलूरचा असो की औशाचा, प्रत्येकानं सुट्टीहून येताना त्यातला एक तरी घेऊन यावा. आणि सरांना नम्र विनंती, असा प्रोजेक्ट अर्धवट चालला तरी विकतच्या चालणाऱ्या प्रोजेक्टपेक्षा त्याला दोन मार्क जास्त द्या.

मी यंदा विषय दिलाय: व्होल्टेज कमी झालं की मोटार थांबवणारा आणि लाईट नीट आली की माणसाशिवाय पुन्हा चालू करणारा, स्वस्तातला स्टार्टर. बाजारात ऑटो स्टार्टर आहेत, पण आमच्या काकांकडं टिकेल असा हवाय. फॉर्मवर गावाच्या रकान्यात निलंगा लिहिलं.

अण्णांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "बरं हाय. पण आदी पास हो!"

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी