रानडुक्कर, जिवंत तार आणि सातबारा

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बाई आल्या. नवरा सालगडी. शेतीपंपाची वीज रात्री येते, म्हणून मोटार चालू करायला तो रात्री मालकाच्या शेतात गेला आणि धुऱ्यावरच्या तारेला चिकटून जागीच गेला. रानडुकरे मक्यात घुसू नयेत म्हणून मालकाने डीपीवरून आकडा टाकून त्या तारेत वीज सोडली होती. सकाळी पोलीस येण्याआधी तार गुंडाळून झाली होती. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली आणि मालकाने जबाबात सांगितले की, तार मयतानेच लावली होती, आपल्याला काहीच माहीत नव्हते. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. मांडता आली असती तरी गावात ती कोणी ऐकली असती, हा प्रश्न उरतोच.

अशा बातम्या आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचतो आणि पान उलटतो. विदर्भ-मराठवाड्यात रानडुक्कर आणि रोही यांनी शेतकऱ्याला हैराण केले आहे, हे शंभर टक्के खरे आहे. पेरलेले दाणे उकरले जातात, उभा हरभरा एका रात्रीत भुईसपाट होतो. त्यावर उपाय हवा याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, पीक मालकाचे, निर्णय मालकाचा, मग मरण आणि तुरुंग मात्र सालगड्याच्या, पारध्याच्या वाट्याला का?

आधी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. नुसते ठार मारणे म्हणजे शिकार नव्हे. फास लावणे, सापळा लावणे, विष घालणे, आमिष टाकणे, हाकारणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, ही सगळी शिकारच आहे. म्हणजे फासात काही सापडले नाही तरी गुन्हा होतो. रानडुक्कर आणि रोही आधी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते दुसऱ्या अनुसूचीत आले. विनापरवाना शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण फास काही अनुसूची वाचत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला की प्रकरण पहिल्या अनुसूचीत जाते आणि शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे होते. तुमचा हेतू डुकराचा होता हे सिद्ध करत बसण्यात तरणेपण निघून जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. मेलेले रानडुक्कर हे सरकारची मालमत्ता आहे. ते तुमच्या हाती आले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. मालक मारतो, वाटा मजुराच्या घरी पाठवतो आणि धाड मजुराच्या चुलीवर पडते. मटण ज्याच्या घरात सापडले त्याचा ताबा बेकायदेशीर आहे असे कलम ५७ प्रमाणे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. ज्याने तार आणली, फास लावायला सांगितले, तो त्या वेळी वनखात्याच्या जीपजवळ उभा राहून पंच म्हणून सही करत असतो!

कलम ५२ याच कायद्यात आहे. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याने, मदत करणाऱ्याने तो गुन्हा स्वतः केला असे मानले जाते. पण आमच्या वकिलीत मजुरावरच्या दोषारोपपत्रात मालकाचे नाव या कलमाखाली आलेले आम्ही क्वचितच पाहिले. म्हणून मजुराचा जबाब घेतला जातो तेव्हा फास कोणी लावायला सांगितला, तार कोणाच्या पैशाने आली, हे त्यात लिहून घेण्याचा आग्रह धरला पाहिजे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

आता जिवंत तारेकडे येऊ. शेतात तारेचे कुंपण घालायला बंदी नाही. सौरऊर्जेवर चालणारे, ठराविक अंतराने क्षणभर झटका देणारे यंत्र असते. शेतकरी त्याला झटका मशीन म्हणतात. प्रमाणित मशीन नीट बसवले तर जनावर दचकून पळते, मरत नाही. थेट लाईनचा प्रवाह तारेत सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. ती विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी आहे, वन्यजीव कायद्याखाली शिकार आहे आणि माणूस मेला तर त्याहून पुष्कळ मोठा गुन्हा आहे.

चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल आम्ही अशा प्रत्येक प्रकरणात दाखल करतो. एका माणसाने आपल्या संडासात दुसऱ्यांनी येऊ नये म्हणून उघड्या तारेत वीज सोडली. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती तिकडे गेली आणि मेली. आरोपीचा बचाव असा की, जागा माझी, ती बिनापरवाना आली. न्यायालयाने तो फेटाळला. परवानगीवाचून आत आलेल्या माणसासाठीसुद्धा जागेच्या मालकाला असा जीवघेणा सापळा लावता येत नाही, हे त्या निकालाचे सार. त्या वेळी भारतीय दंड संहितेचे ३०४-अ लागले होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे आणि शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. मजूर रात्री त्याच वाटेने मोटारीवर जातो हे माहीत असताना वीज सोडली असेल, तर कलम १०५ चा सदोष मनुष्यवध लावा अशी मागणी लेखी केली पाहिजे. अॅट्रॉसिटी लागेल का, असे कार्यकर्ते विचारतात. मयत अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावर ती लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे लागते. पण प्रेत हलवणे, पुरावा नष्ट करणे, विधवेला धमकावणे यात तिचा संबंध येऊ शकतो. तेव्हा ते तपशील पहिल्याच फिर्यादीत आले पाहिजेत.

नुकसानभरपाईचे काय? वाघाने माणूस मारला तर शासन लाखांत मदत देते, दिलीच पाहिजे. मालकाच्या तारेने मारला तर ती मदत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य बसतो. सालगड्याच्या नावावर खाते नाही, म्हणून तो बसत नाही. महावितरण म्हणते, आमची चूक नाही, आकडा टाकलेला होता. शेवटी विधवेला दिवाणी दाव्याचा रस्ता दाखवला जातो, तोही कोर्टफी आणि तारखांचा.

आणि इथेच सगळ्यात मोठी मेख आहे. कायदेशीर मार्ग आहे, पण तो कोणासाठी? पिकाला धोका झालेला प्राणी मारण्याची परवानगी कलम ११(१)(ब) खाली लेखी आणि कारणासह देता येते. महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्यासाठी तिची पद्धत २०१५ साली शासनाने ठरवून दिली. पण परवानगी मिळाली तरी बंदूक कुठून आणायची? शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीत असे किती परवाने आहेत ते वाचकांनीच मोजावे. बंदूक कोणाच्या वाड्यावर टांगलेली असते हे गावाला सांगायला नको. (आणि त्या बंदुका वाढाव्यात असे आम्हालाही वाटत नाही.)

पिकाच्या भरपाईसाठी सातबारा मागतात. कुंपणाच्या अनुदानासाठी सातबारा मागतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले, त्यानंतरही गायरान कसणाऱ्यांचा लढा चालूच राहिला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. तरी कित्येकांच्या नावावर आजही जमीन नाही. ही जमीन बहुधा गावाच्या कडेला, रानाला लागून. म्हणजे डुकरे पहिल्यांदा शिरतात ती आमच्या गायरानात. पण कागदावर ते पीकच नाही, म्हणून नुकसानही नाही.

कायद्याचे शब्द मात्र पाहा. कलम ११(१)(ब) मध्ये ‘कोणत्याही जमिनीवरील उभे पीक’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. मालकीच्या जमिनीवरील असे तिथे म्हटलेले नाही. मूळ कायद्याने न घातलेली अट कचेरीतला कारकून घालत असेल, तर तिला आव्हान द्यायलाच हवे. भरपाई वेगळ्या शासन निर्णयांनी दिली जाते हे खरे, पण परवानगीसाठी पीक ‘कोणत्याही जमिनीवरील’ चालते आणि भरपाईसाठी चालत नाही, हा भेद राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ पुढे कसा टिकतो ते शासनाने सांगावे. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात घेण्याचे जाहीर केले. त्यात बटाईदार आणि गायरानधारक राहतात की गळतात, यावर आतापासून लक्ष ठेवले पाहिजे.

फासेपारधी बांधवांबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. ज्यांच्या नावातच फास आहे, त्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि हातातला धंदाच गुन्हा झाला, बदल्यात जमीन मिळाली नाही. आज शेतात डुक्कर झाले की तोच शेतकरी पारध्याला गुपचूप बोलावतो आणि पोलीस आले की ओळख दाखवत नाही. रानाची एवढी जाण असलेल्या माणसांना वनखात्याने रीतसर पगारी कामावर का घेऊ नये? रोही मारण्यावरून २०१६ साली केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. प्राण्यांवर दया करावी की शेतकऱ्यावर, एवढाच त्यांचा वाद. तारेला चिकटलेला मजूर आणि जामिनासाठी रांगेत बसलेला पारधी त्यात कुठेच नव्हता.

ज्यांचे गायरानातले पीक यंदा गेले आहे त्यांनी नुकसान दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. सातबारा नसेल तर अतिक्रमणाची नोंद, दंडाची पावती, ग्रामपंचायतीचा कागद, जे असेल ते जोडावे. पंचनामा मागावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. आणि नकार दिला तर तो लेखी मागावा. आम्हाला न्यायालयात जायला तोच कागद लागतो.