प्रचार, प्रलोभन आणि पोलीस

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे एरवीच्या संयमी माणसांचाही तोल सुटतो. सक्तीच्या व फसवणुकीच्या धर्मांतरांवर कायदेशीर उपाय सुचविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हाही हेच घडले. एका पक्षाच्या लेखी प्रत्येक पाद्री परकीय हस्तक, तर दुसऱ्याच्या लेखी शंका घेणारा प्रत्येक जण धर्मवेडा! या गदारोळात मूळ प्रश्न बाजूस राहिला. आपली श्रद्धा इतरांस सांगणे हे ज्याच्या धर्माचेच अंग आहे, त्याचे स्वतंत्र भारतात स्थान काय?

ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने प्रचार हा हौसेचा भाग नव्हे. सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा, ही आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशूच्या तोंडी आहे, आणि श्रद्धावंत ती स्वतःवर बंधनकारक मानतो. धर्म जन्माबरोबर मिळतो अशा समजुतीत वाढलेल्या समाजास ही वृत्ती आक्रमक वाटते, हे समजण्याजोगे आहे. घटना समितीतही १९४८ च्या डिसेंबरात लोकनाथ मिश्र व तजम्मुल हुसेन यांनी 'प्रचार' या शब्दास कडाडून विरोध केला. तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारी यांनी, आपण सुमारे १४ वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपणांस बाटविण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असा स्वानुभव सांगितला. कन्हैयालाल मुन्शी यांचा मुद्दा अधिक मूलगामी होता. हा शब्द गाळला तरी भाषणस्वातंत्र्याखाली दुसऱ्याचे मन वळविण्याची मुभा राहणारच, असे त्यांचे म्हणणे. अखेर शब्द राहिला, आणि पंचविसाव्या कलमात तो आजही आहे.

पुढे नागपुरात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या राजधानीत, माजी सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली मिशनऱ्यांच्या कार्यावर कठोर ठपका ठेवणारा अहवाल दिला. त्याच वर्षी, त्याच नागपुरात, डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आणि त्या प्रसंगी दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते! धर्म बदलणे हेच त्यांस निंद्य वाटत होते असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. आक्षेप होता तो मार्गांवर.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे ठरवून ओरिसा व मध्य प्रदेशचे कायदे उचलून धरले. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. माझे धर्मांतर हा तुमचा हक्क कसा असेल? पण ज्याला धर्म बदलावयाचा आहे त्याच्या सदसद्विवेकाचे काय, याचा पुरेसा विचार त्या निकालात झाला नाही, असे आमचे मत आहे. त्या पोकळीत पुढचे कायदे उभे राहिले. आधी सूचना द्या, हेतू सांगा, मग धर्म बदला! हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली अशी पूर्वसूचनेची अट रद्द केली, तरी इतर राज्यांनी ती घातलीच. उत्तर प्रदेशने २०२४ च्या दुरुस्तीने तक्रारीचा अधिकार वाटेल त्याला दिला. त्याच राज्यातील फत्तेपूरचे काही गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात रद्द केले, ते पाहिले म्हणजे त्रयस्थाच्या तक्रारीतून काय निष्पन्न होते हे उमगते.

हाच न्याय मागे लावून पाहावा. नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल आले ते आगगाडीतील एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई संतापल्या, दुरावल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या, आणि १९०० साली आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हे सांगावयास नको. या पाच वर्षांच्या मानसिक झगड्याची नोंद कोणत्या जिल्हाधिकाऱ्याने कोणत्या रकान्यात केली असती? आणि त्या सहप्रवाशावर कोणते कलम लागले असते?

तथापि प्रचारकांसही काही ऐकवणे भाग आहे. भुकेल्यास धान्य देताना धर्माची पुस्तिका पुढे करणे, आजाऱ्यास बरे होण्याचे अभिवचन देऊन सभेस बोलावणे, शेजाऱ्याच्या देवांची टवाळी करणे, हा प्रचार नव्हे. हे आमचेच म्हणणे आहे असे नाही. गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत तर दडपण वा अनुचित आर्जव कटाक्षाने टाळावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बजावले आहे. २०११ साली व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी एकत्र येऊन प्रलोभनाचा निषेध केला. गावोगावच्या स्वतंत्र प्रार्थनासभांपर्यंत हा निषेध कितपत पोहोचला, याचा जाब चर्चच्या धुरीणांनी स्वतःस विचारावा.

लाटेच्या भीतीबद्दल म्हणावे तर १९५१ च्या जनगणनेत देशातील ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के होते, आणि २०११ च्या जनगणनेतही तेवढेच. शिवाय १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीच्या सवलतींस मुकतो. प्रलोभनाचे पारडे मोजताना हेही वजन त्यात टाकले पाहिजे.

महाराष्ट्रातील कायद्याची परीक्षा त्याच्या उद्देशिकेवरून न होता तीन तपशिलांवरून होईल. शाळा व दवाखाना 'प्रलोभन' या शब्दात कोंबला जातो काय? धर्म बदलणाऱ्या सज्ञान व्यक्तीस सरकारी कचेरीत आपले कारण सांगावे लागते काय? आणि तिची स्वतःची तक्रार नसताना शेजाऱ्याच्या अर्जावर पोलीस तिच्या दारी येऊ शकतात काय?