यंत्राला मराठी कोण शिकवणार?

बोलणारे यंत्र म्हटले की तो विज्ञान शाखेचा विषय, असे आपण सहज म्हणून टाकतो. तारा, वीज आणि सोल्डरिंग त्यांचे. व्याकरण, कविता आणि इतिहास आपले. ही वाटणी मला मान्य नाही. यंत्राला बोलते करण्याच्या कामात विजेइतकाच वाटा भाषेचा आहे. मराठी शिकणाऱ्यांनी हे काम हाती घेतले नाही, तर यंत्र मराठी बोलेल खरे, पण ते मराठी आपले असणार नाही.

माणसाच्या वाचेची नक्कल करण्याचा हव्यास जुना आहे. भात्याने हवा फुंकून शब्द उच्चारणाऱ्या आपल्या यंत्राची माहिती व्होल्फगांग फॉन केम्पेलेन याने १७९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेतील होमर डडली यांचे 'व्होडर' हे यंत्र बोलले. त्याच्या कळा चालविण्यासाठी मुलींना खास शिक्षण द्यावे लागले होते. १९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने मुलांना इंग्रजी स्पेलिंग शिकविणारे बोलके खेळणे बाजारात आणले. कधी काळी प्रदर्शनात पाहायची वस्तू अशा रीतीने मुलांच्या हातात आली.

त्यानंतर घरच्या टेबलावर जोडता येईल असा बोलका सर्किट बोर्डही शक्य झाला. १९८० नंतरच्या दशकात जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची 'एसपी ०२५६-एएल २' ही चिप हौशी लोकांत फार प्रिय होती. तिच्यात इंग्रजीचे ५९ ध्वनी आणि ५ लहानमोठे विराम साठवलेले होते. प्रत्येकाला एक क्रमांक. ज्या क्रमाने क्रमांक पाठवावेत त्या क्रमाने चिप ध्वनी काढणार. जोडीला एक स्फटिक, काही रोध व धारित्रे, आवाज वाढविणारी एक लहान चिप आणि एक स्पीकर, एवढ्यावर बोर्ड बोलू लागे. आता ती चिप तयार होत नाही, पण तिने शिकवलेली गोष्ट मोलाची आहे. ते चौसष्ट क्रमांक म्हणजे दुसरे काय? एक वर्णमालाच!

आणि वर्णमाला हा तर आपला विषय. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी तोंडातील स्थाने पाहून आपल्या पूर्वजांनी अक्षरे ओळीने बसवली. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांतला स्वर एकाच अक्षराने लिहितात. म्हणून इंग्रजी लिखाणाचे उच्चारात रूपांतर करण्यासाठी अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेला १९७६ साली ३२९ नियम मांडावे लागले. देवनागरीत काम पुष्कळच सोपे, असे कोणालाही वाटेल.

पण ते दिसते तितके सोपे नाही. 'चार शेळ्या चार' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिला 'चार' तालव्य, शेवटचा दंततालव्य. लिहिताना दोन्ही सारखेच. 'हे जग' आणि 'शंभर वर्षे जग' यांतही तोच भेद आहे. 'कापड' म्हणताना 'प'मधला 'अ' ऐकू येतो. 'कापडाचा' म्हणताना तो गळतो. आपल्याला हे कोणी शिकवले नाही, आईच्या मांडीवरच आले. यंत्राला आई नाही. त्याला प्रत्येक गोष्ट नियम करून सांगावी लागते. हे नियम सांगणे सोल्डरिंग येणाऱ्याचे काम की मोरो केशव दामले यांचे व्याकरण वाचणाऱ्याचे?

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. त्या इंग्रजी चिपमध्ये 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. ती 'बाळ'ला 'बाल' म्हणणार आणि 'पाणी'ला 'पानी'. शहरातला माणूस हसेल. पण आमच्याकडे कितीतरी घरांत 'पानी'च म्हणतात! शाळेत त्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली आहेत. आपले मंद्रूप सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचे. येथील बाजारात मराठी आणि कानडी एकाच तोंडून ऐकू येते आणि मराठीला कानडीचा हेल असतो. मग यंत्राने कोणाचे मराठी बोलावे? पुस्तकातले बोलावे, याला माझी हरकत नाही. पण ऐकणाऱ्याला ते परके वाटता कामा नये, आणि यंत्र बोलते तेच शुद्ध व आपली आजी बोलते ते अशुद्ध, असे उद्या कोणी ठरवू नये.

बोलक्या यंत्राची खरी गरज कोणाला, हेही पाहिले पाहिजे. एक, ज्यांना दिसत नाही त्यांना. दुसरे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना. माझ्या घरी शाळेची पायरी ओलांडून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बँकेचे पत्र असो की रेशनची सूचना, वाचायला माझी वाट पाहिली जाते. कधी शेजारीही कागद घेऊन येतात. यात आनंद आहे, पण दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची लाजही आहे. ती लाज वाचणाऱ्याला नसते, वाचून घेणाऱ्याला असते.

कोणी म्हणेल, मोबाईल मराठी वाचून दाखवतोच. मग हा खटाटोप कशाला? मोबाईल वाचतो आणि बरेच चांगले वाचतो, हे खरे. पण तो 'चार' चुकीचा म्हणाला तर आपण काय करू शकतो? तयार वस्तू वापरणारा ग्राहक असतो. स्वतः जोडणारा तिचा धनी होतो.

धनी होण्याचा मार्ग मोकळा आहे. 'ईस्पीक एनजी' नावाची बोलणारी प्रणाली फुकट मिळते. तिच्यात मराठी आहे. अंध व्यक्तींसाठीच्या 'एनव्हीडीए' या मोफत पडदावाचकात तीच वापरली आहे. तिचा आवाज यांत्रिक आहे, पण तिचे उच्चाराचे नियम आणि शब्दांच्या याद्या साध्या मजकुराच्या फायलींत उघड्या ठेवलेल्या आहेत. कोणीही त्या वाचाव्यात आणि दुरुस्ती सुचवावी.

म्हणून माझी सूचना अशी. पुढील वर्षी आपल्या महाविद्यालयात मराठी विभाग आणि विज्ञानाची आवड असलेले विद्यार्थी यांनी मिळून एक बोलका बोर्ड जोडावा. तळहातावर मावणारा एक संगणक आणि एक स्पीकर एवढे त्याला पुरते. पण त्याआधी वही-पेन घेऊन मराठी शिकणाऱ्यांनी दोन याद्या कराव्यात : एक, लिहायला सारख्या पण उच्चाराला वेगळ्या शब्दांची, दुसरी, आपल्या भागातील गावांच्या व वस्तूंच्या नावांची. ती नावे वयस्कर माणसांच्या तोंडून ऐकून लिहावीत. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, कान लागतो. प्राध्यापकांनी याला प्रकल्पाचे गुण द्यावेत, ही नम्र विनंती.

भाषेचा अभिमान आपण फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनी भाषणांतून व्यक्त करतो. वर्षाचे उरलेले दिवस या याद्यांना द्यावेत. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासमोर उद्या यंत्र त्याचेच पत्र त्याला कळेल अशा मराठीत वाचू लागले, तर त्या अभिमानाला काही अर्थ राहील.