पूरग्रस्तांच्या दारी पाहुणे होऊ नका

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा कोल्हापूर-सांगलीत शिरल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. दोन्ही वेळी पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला बाहेरगावाहून माणसं धावून आली. पुढच्या पुरातही अशी माणसं लागतील. जरूर जा, पण एक पथ्य पाळा: आपलं खाणं-पिणं, अंथरूण-पांघरूण आणि औषध आपणच न्यायचं. ज्या घरात चूल पेटलेली नाही, तिथे आपल्यासाठी चहा टाकायची वेळ कुणावर येऊ नये.

निघण्याआधी तिथे काम करणाऱ्या संस्थेशी किंवा ग्रामपंचायतीशी बोला. किती माणसं हवीत, मुक्काम कुठे, रस्ता सुरू आहे का, हे विचारा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. चिपळूणच्या वाटेवर कुंभार्ली किंवा परशुराम घाटात दरड आली असेल, तर गाडीभर माणसं मध्येच अडकतात.

आता पिशवी. पायाच्या मापाचे गमबूट आणि दोन-तीन जोड जाड मोजे घ्या. चपलेवर चिखलात उतरू नका, आत पत्रा, काच, खिळे असतात. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. लवकर वाळणारी फुल पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. रबरी हातमोजे, वाळलेल्या चिखलाच्या धुळीसाठी मास्क, कपाळावर बांधायचा टॉर्च आणि पॉवर बँक ठेवा. एटीएम आणि नेटवर्क दोन्ही बंद असू शकतात, म्हणून सुट्टे पैसे जवळ हवेत. पिण्याचं पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू असं टिकणारं खाणं न्या. गटात मिळून फावडी, घमेली, खराटे, वायपर आणि एखादी पहार असू द्या. गावातली अवजारंही वाहून गेलेली असतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं, ते डॉक्टरांना सांगा. पुराच्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) होऊ शकतो. त्यासाठी आधी गोळी घ्यायची का, हेही डॉक्टरांनाच विचारा. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर पुराच्या चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा. लाकडं, कौलं, कपाटामागची अडगळ हाताने उचलू नका, आधी काठीने हलवा. कोकणात तिथे फुरसं हा विषारी साप बसलेला असू शकतो. मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारा, “पंचनामा झाला का?” झाला नसेल तर भिजलेली गादी, फ्रीज, धान्याची पोती बाहेर टाकण्याआधी घरच्यांना फोटो काढू द्या. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचाही फोटो असू द्या. नुकसानभरपाई मागताना तोच कामी येतो. लगदा झालेला कागद दिसला तरी विचारल्याशिवाय फेकू नका. सातबारा, दहावीचं प्रमाणपत्र, लग्नाचा अल्बम एकाच ट्रंकेत असतो आणि ओळख फक्त घरच्यांनाच पटते. माणसांचे फोटो मात्र त्यांनी हो म्हटल्याशिवाय काढू नका.

जुने कपडे नेऊ नका. ते निवडायला आणि ठेवायला पुन्हा माणसं आणि जागा लागते. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चटया, चादरी, फिनेल आणि झाडू यांना मागणी असते. तीही आधी विचारून न्या.

तब्येत साथ देत नसेल, तर प्रवासाला लागले असते तेवढे पैसे खात्रीच्या संस्थेकडे पाठवा. जाणं शक्य असेल, तर तारीख थोडी पुढची धरा. पहिल्या आठवड्यात गावात मदतीची झुंबड असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाड्या थांबतात आणि आतल्या गल्ल्यांतली घरं तशीच राहतात. अशा घरांची यादी गावातून मागवा आणि त्या आठवड्याची रजा टाका.