खाच जुळतेय का?

ऑफर दिसली की आपला हात आधी खिशात जातो, डोकं नंतर चालतं. तुमचं माहीत नाही, माझं तरी असंच झालं होतं. घरचा पीसी रडतखडत चालायचा, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आठ जीबीची रॅम घेऊन आलो. कॅबिनेट उघडलं, पट्टी स्लॉटवर ठेवली, दाबली. बसेना! आणखी जोर लावणार, तेवढ्यात दिसलं की पट्टीवरची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर येतच नाहीयेत. मदरबोर्ड डीडीआर३ चा, मी आणलेली रॅम डीडीआर४ ची. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच वेगळ्या जागी असते. पाकीट फोडलेलं, त्यामुळे दुकानदाराने परत घेतली नाही. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट थांबवला आणि ‘आता नवीन मशीन घ्यावं लागणार’ असं घरोघरी सुरू झालं. जरा थांबा. विंडोज १० बंद पडलेलं नाही. सुरक्षेचे अपडेट्स नेहमीसारखे येणं थांबलंय, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर तेही आणखी वर्षभर मिळतात. म्हणजे तपासायला वेळ आहे.

विंडोज ११ ला रॅम ४ जीबी आणि स्टोरेज ६४ जीबी लागतं. ते बहुतेकांकडे असतं. गाडी अडते ती प्रोसेसर आणि टीपीएम २.० वर. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. टीपीएम ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. गंमत अशी, की अनेक मशीनमध्ये ती असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. तिथे तिचं नावही वेगळं असतं: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. चालू करायला एक रुपया लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकटचं टूल नेमकं काय कमी पडतंय ते सांगतं. ते चालवल्याशिवाय नव्या मदरबोर्डचा विषय घरी काढूच नका.

आणि मशीन पास झालं तरी पुढे सॉफ्टवेअर आहेच. एका मैत्रिणीचे बाबा घरीच डीटीपी करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं. हिने हौसेने रात्रीतून फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकलं. सकाळी बाबा कामाला बसले, तर मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलच ओळखेना आणि स्कॅनरही गप्प. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर जुने ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. ऐन लग्नसराईत चार दिवस काम बंद. बाबा ओरडले नाहीत, पण गिऱ्हाइकांना फोन करून ‘जरा थांबा’ म्हणत होते, ते ऐकणं तिला जास्त जड गेलं. तेव्हा घरचा पीसी एकट्याचा समजू नका. कोण काय वापरतं ते विचारा, प्रिंटर-स्कॅनरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून नवा ड्रायव्हर आहे का ते बघा. आणि बॅकअप आधी, फॉरमॅट मग. कळलं ना?

नुसता वेग हवा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, बाकी राहू दे. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या मशीनला चालते. एम.२ घेणार असाल तर मात्र सावध, कारण साटा आणि एनव्हीएमई दिसायला जवळपास सारख्याच, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. लॅपटॉपवाल्यांनो, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, वाढवताच येत नाही. ग्राफिक्स कार्डवाल्यांनी आधी पॉवर सप्लायचे वॅट बघावेत, मग कॅबिनेटमध्ये टेप लावून जागा मोजावी. हो, खरोखरची टेप!

या रविवारी कॅबिनेटचं झाकण काढा. मदरबोर्डचं मॉडेल, रॅमवरचं लेबल, पॉवर सप्लायचं स्टिकर, तिन्हींचे फोटो काढा. दुकानात गेलात की किंमत विचारायच्या आधी ते फोटो दाखवा.